‘कौमार्याची लक्षणे’ : एमबीबीएसच्या अभ्यासक्रमातून एक मुद्दा काढताना

2019 साली नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाने न्यायवैद्यकशास्त्राच्या, म्हणजे फॉरेन्सिकच्या अभ्यासक्रमातला एक मुद्दा वगळला. मुद्दा होता ‘कौमार्याची लक्षणे’. तेव्हा फॉरेन्सिक हा एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाचा विषय होता आणि हा मुद्दा त्यात वर्षानुवर्षे ठाण मांडून बसलेला होता. वर्तमानपत्रांत बातमी आली, अनेकांनी स्वागत केले, प्रकरण मिटल्यासारखे वाटले. पाच वर्षांनी, ऑगस्ट 2024 मध्ये, देशभरासाठी काढलेल्या नव्या अभ्यासक्रमाच्या दस्तऐवजात हाच मुद्दा परत छापून आला. आठवड्याभरात तो अख्खा दस्तऐवज मागे घ्यावा लागला.

वैद्यकीय शिक्षण काळाबरोबर कसे ठेवायचे यावर चर्चा होते तेव्हा ती बहुतेक वेळा ‘नवे काय घालायचे’ याभोवती फिरते. टेलिमेडिसिन घाला, कृत्रिम बुद्धिमत्ता घाला, संवादकौशल्य घाला. जे चुकीचे ठरले आहे ते बाहेर कोणी काढायचे, कोणत्या वाटेने काढायचे आणि काढलेले परत येऊ नये म्हणून काय करायचे, याची चर्चा मला फारशी दिसत नाही. म्हणून हे एकच प्रकरण तपशिलात मांडतो आहे.

मुद्द्यात होते काय? योनिपटलाचे (हायमेनचे), म्हणजे योनिमुखावरच्या पातळ पडद्याचे प्रकार पाठ करायचे: वर्तुळाकार, अर्धचंद्राकृती, चाळणीसारखे छिद्रांचे वगैरे. मग कुमारिका आणि कुमारिका नसलेली स्त्री यांच्या शरीरातल्या फरकांचा तक्ता. त्यात ‘खरी कुमारिका’ आणि ‘खोटी कुमारिका’ असेही वर्गीकरण असे. लघुत्तरी प्रश्नाला हा तक्ता हमखास, वायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, त्याहून हमखास. विद्यार्थी तो पाठ करी, गुण मिळवी आणि पुढे जाई.

या तक्त्याला वैज्ञानिक आधार नाही. योनिपटलाचा आकार, जाडी आणि लवचीकता व्यक्तीगणिक वेगळी असते, वयानुसार बदलते. संभोगानंतरही ते अनेकदा जसेच्या तसे दिसते आणि ज्या मुलीचा कधी संबंधच आला नाही तिच्यातही त्याच्या कडा असमान असू शकतात. अमेरिकेत 36 गर्भवती किशोरींची तपासणी करून 2004 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात फक्त 2 मुलींमध्ये संभोगाची निश्चित म्हणता येईल अशी खूण सापडली. बाकीच्या 34 जणींची गर्भधारणा समोर दिसत होती, पण योनिपटल काहीच ठामपणे सांगत नव्हते. 2017 साली उपलब्ध संशोधनाचा पद्धतशीर आढावा घेतला गेला, त्याचाही निष्कर्ष हाच: या तपासणीतून पूर्वीचा संबंध सिद्ध होत नाही आणि जिची तपासणी होते तिला मात्र इजा होते. ऑक्टोबर 2018 मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क व महिलाविषयक संस्थांनी मिळून ही चाचणी बंद करण्याचे आवाहन केले.

परीक्षेसाठी पाठ केलेला एक चुकीचा तक्ता, त्याने एवढे काय बिघडते? विदर्भाला हा प्रश्न विचारायची गरज नाही. मार्च 1972 मध्ये तेव्हाच्या चांदा जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस चौकीत मथुरा नावाच्या आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी बलात्कार केल्याची तक्रार झाली. वैद्यकीय तपासणीनुसार तिचे वय 14 ते 16 च्या दरम्यान होते. त्याच अहवालात योनिपटलाला जुन्या चिरा असल्याची आणि योनिमार्गात दोन बोटे सहज जात असल्याची नोंद होती. सत्र न्यायालयाने 1974 साली आरोपींना सोडताना ती संभोगाला सरावलेली असल्याचे म्हटले. नागपूर खंडपीठाने 1976 साली आरोपींना दोषी ठरवले, पण 1978 साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांची पुन्हा सुटका केली. उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चार कायदेतज्ज्ञांनी 1979 साली सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, देशभर स्त्री संघटना रस्त्यावर आल्या आणि 1983 साली कायदा बदलला.

कायदा बदलला, तक्ता तसाच राहिला. तपासणी करणाऱ्या डॉक्टरने कॉलेजात शिकवल्याप्रमाणेच नोंद केली होती. वर्गात शिकवलेले वाक्य अहवालात उतरले, अहवालातले वाक्य निकालपत्रात. या साखळीची पहिली कडी फॉरेन्सिकच्या वर्गात होती, आणि 1983 च्या चर्चेत तिथपर्यंत कोणी पोचल्याचे दिसत नाही.

पुढच्या तीस वर्षांत वर्गाबाहेर बरेच काही घडले. भारतीय पुरावा कायद्याच्या कलम 155 मधली, पीडितेच्या ‘चारित्र्या’वरून तिच्या साक्षीवर अविश्वास दाखवू देणारी तरतूद 2002 च्या दुरुस्ती कायद्याने गेली. फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम 164 अ आले: पीडितेची तपासणी तिच्या संमतीने आणि माहिती मिळाल्यापासून 24 तासांच्या आत. 2012 साली पॉक्सो, म्हणजे बालकांचे लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण करणारा कायदा, आला. 2013 साली न्यायमूर्ती वर्मा समितीच्या अहवालानंतर बलात्काराची व्याख्याच रुंदावली, पीडितेवर मोफत उपचार करणे सरकारी आणि खासगी अशा दोन्ही रुग्णालयांना बंधनकारक झाले आणि उपचार नाकारणे हा गुन्हा ठरला. त्याच वर्षी लिल्लू ऊर्फ राजेश विरुद्ध हरियाणा राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दोन बोटांची चाचणी हा पीडितेच्या खासगीपणाचा आणि प्रतिष्ठेचा भंग असल्याचे सांगितले. मार्च 2014 मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने तपासणीची सविस्तर पद्धत जाहीर केली. तिच्यात दोन बोटांच्या चाचणीला जागा नव्हती. 96 तासांपर्यंत नमुने घेणे, गर्भनिरोधक गोळी, एचआयव्ही प्रतिबंधक औषधे, मानसिक आधार, आणि बारा वर्षांवरील मुलीची स्वतःची संमती या गोष्टींना होती.

महाराष्ट्रात या बदलाच्या दोन धारा होत्या आणि दोन्हींचा अभ्यासक्रमाशी थेट संबंध आहे.

पहिली सेवाग्रामची. डॉ. सुशीला नायर यांनी 1969 साली सुरू केलेल्या तिथल्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत फॉरेन्सिकचे अध्यापन करणारे डॉ. इंद्रजीत खांडेकर यांनी लैंगिक अत्याचाराच्या वैद्यकीय तपासण्या किती वाईट दर्जाच्या होतात यावर 2010 साली मोठा अहवाल तयार केला. त्याच्या आधारावर नागपूर खंडपीठापुढे जनहित याचिका गेली आणि 2013 साली राज्य सरकारने तपासणीसाठी मार्गदर्शक सूचना व नवा प्रोफॉर्मा, म्हणजे नोंदींचा ठरावीक नमुना, काढला. पुढे खांडेकरांनीच कौमार्य चाचणीच्या अवैज्ञानिकतेवर स्वतंत्र अहवाल लिहून विद्यापीठाकडे, तेव्हाच्या भारतीय वैद्यक परिषदेकडे आणि केंद्राकडे पाठवला. नाशिकचा 2019 चा निर्णय त्या अहवालावरून झाला. एका विभागातला एक शिक्षक प्रोफॉर्म्यापासून सुरुवात करतो आणि मागे मागे जात पाठ्यक्रमाच्या ओळीपर्यंत पोचतो, हा प्रवास मला फार मोलाचा वाटतो. एमएलसीचे, म्हणजे वैद्यकीय-न्यायिक प्रकरणांचे, कागद ज्याच्या हाताखालून जातात त्यालाच वर्गात काय चुकते हे आधी दिसणार.

दुसरी धारा मुंबईच्या ‘सेहत’ची. या संस्थेने महापालिकेबरोबर 2000 साली वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात हिंसाचारग्रस्त स्त्रियांसाठी ‘दिलासा’ केंद्र सुरू केले आणि 2008 पासून मुंबईच्या रुग्णालयांत लैंगिक अत्याचारग्रस्तांसाठी उपचारांची पद्धत बसवली. त्या अनुभवावर वैद्यकीय शिक्षण संचालनालय, आरोग्य विज्ञान विद्यापीठ आणि संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्या निधी यांच्याबरोबर 2013 पासून सात सरकारी महाविद्यालयांत एक उपक्रम झाला. शिक्षकांना प्रशिक्षण देऊन पाच विषयांच्या अध्यापनात लिंगभावाचा विचार आणायचा, असे त्याचे स्वरूप. फॉरेन्सिक त्यांपैकी एक, स्त्रीरोगशास्त्र दुसरा. हे काम बातम्यांत फारसे आले नाही. माझ्या मते या सगळ्या प्रकरणात ते सर्वात महत्त्वाचे होते, कारण त्यात अभ्यासक्रमाची ओळ बदलायच्या आधी ती ओळ शिकवणारा माणूस बदलायचा प्रयत्न होता.

त्याच सुमारास समाजातही हालचाल सुरू झाली होती. कंजारभाट समाजातल्या विवाहाच्या रात्रीच्या कौमार्य परीक्षेविरुद्ध त्या समाजातलीच तरुण मुले-मुली उभी राहिली, त्यांना मारहाण आणि बहिष्कार सोसावा लागला. फेब्रुवारी 2019 मध्ये राज्य सरकारने ही परीक्षा लैंगिक अत्याचार मानली जाईल असे जाहीर केले. जातपंचायतीने ‘कौमार्य’ तपासले तर गुन्हा, आणि सरकारी महाविद्यालयात त्याची लक्षणे लिहिली तर दहापैकी सात गुण. ही विसंगती फार काळ टिकणे शक्य नव्हते.

इथपर्यंतची गोष्ट यशाची आहे. पण नाशिकमध्ये ती ओळ खोडली जात होती त्याच वर्षी देशभर नवा, क्षमताधारित अभ्यासक्रम लागू झाला. 1997 च्या नियमांनंतर एमबीबीएसमध्ये झालेला हा सर्वात मोठा बदल. विद्यार्थ्याला ‘काय माहीत हवे’ यापेक्षा ‘काय करता यायला हवे’ हा त्याचा पाया. फाउंडेशन कोर्स आला, वृत्ती-नीती-संवादाचा स्वतंत्र घटक आला, फॉरेन्सिक तिसऱ्या वर्षाकडे सरकले. आणि या कोऱ्या करकरीत दस्तऐवजात फॉरेन्सिकच्या तिसऱ्या घटकात 3.18 क्रमांकाखाली योनिपटलाचे प्रकार, त्याचे वैद्यकीय-न्यायिक महत्त्व आणि कौमार्याची व्याख्या जशीच्या तशी होती. दोन क्रमांक आधी, 3.16 मध्ये, ‘अनैसर्गिक लैंगिक गुन्हे’ या मथळ्याखाली समलिंगी संबंधही होते. सप्टेंबर 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधले संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्यातून वगळले होते, त्याच महिन्यात व्यभिचाराचे कलमही रद्द केले होते. तरी 2019 ची बॅच ती यादी घेऊनच सुरू झाली.

हे असे का झाले? अभ्यासक्रमाची पुनर्रचना करताना विषयांची जुनी यादी घेऊन प्रत्येक मुद्द्यापुढे नवे क्रियापद लावले, की काम झाल्यासारखे दिसते. ‘कौमार्य’ हा मुद्दा ‘कौमार्याची व्याख्या सांगा व महत्त्व विशद करा’ अशी ‘क्षमता’ होतो. चौकट आधुनिक, आतला माल जुना. बनवणाऱ्यांचा हेतू वाईट होता असे मी म्हणत नाही. प्रत्येक ओळीला ‘ही अजून खरी आहे का, आणि कोणत्या आधारावर’ हा प्रश्न विचारण्याची पायरीच त्या प्रक्रियेत दिसत नाही.

दुरुस्ती झाली ती पुन्हा न्यायालयाच्या वाटेने. 2021 साली मद्रास उच्च न्यायालयात एका समलिंगी जोडप्याने पोलिसांपासून संरक्षण मागितले. न्यायमूर्ती आनंद वेंकटेश यांनी त्या प्रकरणात वैद्यकीय पाठ्यपुस्तकांपर्यंत मजल मारली. ऑक्टोबर 2021 मध्ये, वैद्यक परिषदेच्या जागी आलेल्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने महाविद्यालयांना आणि लेखकांना कौमार्याविषयीची अवैज्ञानिक व समलिंगी समुदायाविषयीची अवमानकारक माहिती पुस्तकांत नको असे कळवले. 2022 साली 3.16 आणि 3.18 या क्षमता नव्याने लिहिल्या गेल्या.

इथे थोडे थांबतो, कारण ही 2022 ची दुरुस्ती वाचण्यासारखी आहे. नाशिकने 2019 साली मुद्दा वगळला होता. आयोगाने 2022 साली तो उलटा करून आत ठेवला: तथाकथित कौमार्य चाचणी, बोटांची तपासणी धरून, अवैज्ञानिक, अमानुष आणि भेदभावाची का आहे हे विद्यार्थ्याला सांगता आले पाहिजे. आणि न्यायालयानेच अशी चाचणी करायचा आदेश दिला, तर तिला वैज्ञानिक आधार नाही हे न्यायालयापुढे कसे मांडायचे हेही त्याला आले पाहिजे.

मला ही रचना नुसते वगळण्यापेक्षा किती तरी अधिक उपयोगी वाटते. मुद्दा वगळला तर विद्यार्थ्याला चाचणी माहीत नसते, पण ती मागणारे लोक जागेवरच असतात. इंटर्नशिप संपवून ग्रामीण रुग्णालयात रुजू झालेल्या वैद्यकीय अधिकाऱ्यापुढे रात्री पोलीस पत्र घेऊन उभे राहतात आणि त्यात ‘संभोगाची सवय आहे काय’ असा प्रश्न असतो. शेजारी अनुभवी सहकारी सांगतो, लिहून टाक, नेहमी लिहितो आपण. वर्गात या विषयावर एक शब्द न ऐकलेला तेवीस-चोवीस वर्षांचा डॉक्टर तिथे नाही म्हणू शकत नाही. त्याला नाही म्हणता यायला हवे, आणि कशाच्या आधारावर तेही लिहिता यायला हवे. क्षमताधारित शिक्षण या शब्दाला इथे खरा अर्थ येतो.

31 ऑक्टोबर 2022 ला सर्वोच्च न्यायालयाचा झारखंड राज्य विरुद्ध शैलेंद्र कुमार राय हा निकाल आला. 2004 साली जाळली गेलेली मुलगी रुग्णालयात मरणाच्या दारात होती आणि तिथे वैद्यकीय मंडळाने तिची तपासणी करून दोन बोटांची नोंद लिहिली होती. न्यायमूर्ती चंद्रचूड आणि हिमा कोहली यांच्या पीठाने उच्च न्यायालयाने केलेली आरोपीची सुटका रद्द करून त्याची शिक्षा पुन्हा लागू केली, ही चाचणी आजही होते याबद्दल खेद व्यक्त केला, यापुढे ती करणाऱ्याला गैरवर्तनाबद्दल दोषी धरले जाईल असे बजावले आणि वैद्यकीय महाविद्यालयांचा अभ्यासक्रम या दृष्टीने तपासण्याचा आदेश दिला. 1972 च्या देसाईगंजपासून फॉरेन्सिकच्या वर्गातली ती कडी न्यायालयाच्या नजरेत यायला पन्नास वर्षे गेली.

आणि तरीही ऑगस्ट 2024. आयोगाने क्षमताधारित अभ्यासक्रमाची सुधारित मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांत समलिंगी संबंध पुन्हा ‘अनैसर्गिक गुन्ह्यां’त, योनिपटल आणि कौमार्याचे महत्त्व पुन्हा जागेवर, आणि अपंगत्वाविषयीचे आधीचे प्रशिक्षण गळालेले. भारतीय न्याय संहिता दोनच महिन्यांपूर्वी, 1 जुलैपासून लागू झाली होती आणि तिच्यात ‘अनैसर्गिक’ संबंध गुन्हा ठरवणाऱ्या जुन्या कलम 377 सारखे कलमच नाही. म्हणजे कायद्याच्या पुस्तकात नसलेला गुन्हा वैद्यकाच्या पुस्तकात शिकवायचा होता. डॉक्टरांनी, अपंग हक्कांच्या आणि समलिंगी-पारलिंगी हक्कांच्या कार्यकर्त्यांनी आवाज उठवला. 5 सप्टेंबरला दस्तऐवज रद्द झाला, 12 सप्टेंबरला सुधारित आला आणि वादग्रस्त भाग त्यातून गेला.

या सात-आठ दिवसांच्या घडामोडीवर बरेच लिहिले गेले, त्यातला बहुतेक मजकूर संतापाचा होता आणि संताप रास्तच होता. माझे लक्ष दुसरीकडे जाते. 2022 ची दुरुस्ती मूळ खंडात मिसळलेली नव्हती, ती वेगळी निघाली होती. नव्या समितीने 2019 पासून लागू झालेला 2018 चा मूळ खंड उघडून त्यावर काम केले असेल, तर तिच्या टेबलावर ती दुरुस्ती कदाचित नव्हतीच. हा माझा तर्क आहे, पण अशा संस्थांचे कामकाज ज्यांनी पाहिले आहे त्यांना तो अशक्य वाटणार नाही. परिषद बरखास्त झाली, संचालक मंडळ आले, मग आयोग आला. सदस्य बदलले, तज्ज्ञ समित्या बदलल्या. एखादी ओळ का बदलली, कोणत्या पुराव्यावर आणि कोणत्या निकालावरून बदलली, याची नोंद त्या ओळीजवळ राहत नसेल, तर पुढच्या समितीला ती बदललेली आहे हेच कळत नाही. सातशेहून अधिक महाविद्यालये आणि लाखाहून अधिक जागा असलेल्या व्यवस्थेत ही उणीव कारकुनी म्हणून सोडून देता येणार नाही.

उपाय अवघड नाही. प्रत्येक क्षमतेला तिचा इतिहास जोडलेला असावा: कधी आली, कधी बदलली, कशामुळे, आणि पुन्हा कधी तपासायची. फॉरेन्सिकसारख्या विषयात कायदा बदलला की संबंधित क्षमता आपोआप पुनर्विलोकनाला यावी. 2021 साली वैद्यकीय गर्भपाताची मुदत बलात्कार पीडितांसाठी 24 आठवड्यांपर्यंत वाढली. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 184 प्रमाणे डॉक्टरने अहवाल सात दिवसांत तपास अधिकाऱ्याकडे पाठवायचा आहे. असे बदल पाच-सहा वर्षांनी होणाऱ्या मोठ्या पुनर्रचनेची वाट पाहू शकत नाहीत. आणि मसुदा अंतिम होण्याआधी महिनाभर तरी खुला ठेवावा. ऑगस्ट 2024 चा मसुदा आधी लोकांपुढे आला असता, तर सेवाग्राम किंवा मुंबईतल्या कोणीही ती ओळ तासाभरात दाखवून दिली असती.

पण ओळ दुरुस्त झाली म्हणून वर्ग दुरुस्त होत नाही, आणि इथे आपली जबाबदारी दिल्लीवर ढकलता येत नाही. विद्यार्थी आयोगाचा खंड वाचत नाही. तो वाचतो सीनियरकडून आलेल्या नोट्स, मागच्या दहा वर्षांच्या प्रश्नपत्रिका आणि पदव्युत्तर प्रवेशाच्या तयारीचे एमसीक्यू. बाहेरच्या परीक्षकाने वायवाला ‘हायमेनचे प्रकार सांगा’ असे विचारले, की पुढच्या बॅचला संदेश पोचतो: हे अजून लागते. म्हणून विद्यापीठाने 2022 नंतरच्या प्रश्नपेढीतून जुने प्रश्न शोधून काढणे आणि परीक्षकांना तसे लेखी कळवणे, हे अभ्यास मंडळाच्या ठरावाइतकेच आवश्यक आहे. त्या जागी दुसरा प्रश्न द्यावा. पोलिसांचे पत्र समोर ठेवावे, त्यात ‘सवय आहे काय’ हा प्रश्न असावा, आणि विद्यार्थ्याला उत्तराचा मसुदा लिहायला सांगावे. ओएससीई, म्हणजे टप्प्याटप्प्याने घेतल्या जाणाऱ्या प्रात्यक्षिक परीक्षेच्या एका स्टेशनवर हे बसते. गुण कशाला द्यायचे तेही स्पष्ट आहे: संमती घेतली का, उपचार आधी सुचवले का, नमुन्यांची नोंद नीट आहे का, पूर्वेतिहासावर मत देण्यास नकार आणि त्याचे कारण लिहिले का.

उरतात ते 1990 च्या आसपास किंवा त्यानंतर शिकून आज जिल्हा आणि उपजिल्हा रुग्णालयांत काम करणारे डॉक्टर. त्यांनी तक्ता पाठ केला, त्यावर गुण मिळवले आणि तो खोटा असल्याचे त्यांना कोणी समोर बसवून सांगितलेले नाही. त्यांच्यातले कितीतरी जण निवृत्तीपर्यंत अजून शेकडो तपासण्या करतील. महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या नोंदणी नूतनीकरणासाठी श्रेयांक लागतातच. त्यांतले काही श्रेयांक या तपासणीच्या प्रत्यक्ष प्रशिक्षणासाठी राखून ठेवायला हवेत. सरकारी रुग्णालयांतल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांपासून सुरुवात करावी, कारण रात्री दोन वाजता पोलीस पत्र घेऊन आधी त्यांच्याकडेच येतात.